हे छप्पर कोणाचं? इंग्लंडच्या खेड्यातलं मध्ययुगीन चर्च कसं वाचावं

इंग्लंडात घर विकत घेतलेल्या एखाद्या ओळखीच्या मराठी माणसाला वकिलाचं बिल काढून दाखवायला सांगा. सांडपाण्याची वाट, पुराचा धोका, जुन्या खाणी अशा तपासण्यांच्या यादीत बऱ्याचदा एक अनोळखी शब्द सापडतो: 'चॅन्सेल सर्च'. रक्कम किरकोळ असते, म्हणून कोणी विचारत बसत नाही. पण त्या ओळीचा अर्थ ऐकण्यासारखा आहे. या जमिनीच्या मालकावर गावातल्या जुन्या चर्चची पूर्वेकडची बाजू स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा बोजा तर नाही ना, एवढं वकिलाने पाहून ठेवलेलं असतं.

वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो या खेड्यात एका जोडप्याच्या नावावर अशी शेतजमीन होती. १९९० च्या दशकात त्यांना चर्चकडून दुरुस्तीच्या खर्चाची नोटीस आली. ते चर्चला जातात की नाही, हा प्रश्नच नव्हता. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला आणि पुढे दुरुस्तीचा आकडा ठरला तो जवळपास १ लाख ८७ हजार पौंड. कोर्टकचेरीचा खर्च वेगळाच. सातबाऱ्यावरचा बोजा बघितल्याशिवाय जमीन घेऊ नये हे आपल्याला घरातच शिकवतात. पण बोजा सातशे वर्षांचा असेल तर?

या चर्चवरची पुस्तकं बहुधा कमानींच्या प्रकारांपासून सुरू होतात. गोल कमान, टोकदार कमान, मग खिडक्यांच्या नक्षीची नावं. मलाही त्यातलं फार काही लक्षात राहत नव्हतं. इमारत कळायला लागली ती पैशाच्या वाटेने गेल्यावर. कुठला भाग कोणाच्या खिशातून उभा राहिला हे विचारलं की भिंती आपोआप बोलायला लागतात.

तर आधी पैसा. मध्ययुगीन इंग्लंडमधला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या पॅरिशचा असायचा. पॅरिश म्हणजे वसईकडच्या कॅथलिक समाजात ज्याला धर्मग्राम म्हणतात ते: एक चर्च, त्याचा धर्मगुरू आणि त्याच्या हद्दीत राहणारी माणसं. बाप्तिस्मा इथे, लग्न इथे, माती इथेच. त्या बदल्यात पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. शेतात दहा पेंढ्या बांधल्या की एक बाजूला काढायची. हा दशांश ज्याच्या घरी जाई तो रेक्टर. काही गावांत रेक्टर म्हणजे प्रत्यक्ष धर्मगुरूच असे. पण कितीतरी ठिकाणी हा हक्क लांबच्या एखाद्या मठाकडे गेलेला होता. मठ मग गावात आपल्या जागी दुसरा धर्मगुरू बसवी. त्याला व्हिकर म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच 'बदलीचा माणूस'. धान्याचा घसघशीत दशांश मठाला आणि अंडी, मध, परसातला भाजीपाला व्हिकरला, अशी साधारण वाटणी.

उत्पन्नाची वाटणी झाली तशी खर्चाचीही झाली. १३व्या शतकात इंग्लंडमध्ये वहिवाट पक्की होत गेली की चर्चचा पूर्वेकडचा भाग रेक्टरने सांभाळायचा आणि पश्चिमेकडचा गावकऱ्यांनी. पुढे १५३६ ते १५४० च्या दरम्यान आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. मठांकडचे दशांशाचे हक्क राजाकडे आणि तिथून विकत घेणाऱ्यांकडे गेले; हक्कांच्या पाठोपाठ दुरुस्तीची जबाबदारीही गेली. १८व्या शतकात गावोगावच्या जमिनींची फेरवाटणी झाली तेव्हा काही ठिकाणी दशांशाऐवजी जमिनीचा तुकडा दिला गेला, आणि ते झेंगट त्या तुकड्याला चिकटलं. ॲस्टन कँटलोच्या जोडप्याच्या वाट्याला आलं ते हे.

आता इमारतीकडे वळू. पूर्वेकडचा भाग म्हणजे चॅन्सेल. तिथे वेदी, धर्मगुरू आणि मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना. पश्चिमेकडचा मोठा भाग म्हणजे नेव्ह, लोकांचा. गाभारा आणि सभामंडप म्हटलं की मराठी वाचकाला चित्र दिसतं आणि ते बरंचसं बरोबरही आहे. फक्त गाभाऱ्याचा काळोख इथे शोधू नये. चॅन्सेल चांगलं लांब असतं, त्याच्या पूर्वेच्या भिंतीत बहुतेकदा चर्चमधली सर्वांत मोठी खिडकी असते आणि सकाळचं ऊन थेट वेदीवर येतं. दोन्ही भागांच्या मधोमध एक कमान. कमानीच्या अलीकडे गावाचा खर्च, पलीकडे रेक्टरचा.

बाहेर उभं राहूनही ही रेघ दिसते. कितीतरी चर्चना दोन वेगळी छपरं असतात. नेव्ह उंच, रुंद, खिडक्यांनी भरलेला, आणि त्याच्या मागे बसकं, साधं चॅन्सेल. गावाकडे पैसा आला, त्यांनी आपला भाग पाडून नव्याने बांधला. रेक्टर म्हणजे कुठलातरी मठ, त्याला या गावातून धान्य न्यायचं होतं, इथे खर्च करायचा नव्हता. याच्या उलटही सापडतं. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनला रिचर्ड द पोट्सग्रेव्ह हा रेक्टर दुसऱ्या एडवर्ड राजाचा धर्मगुरू होता. त्याने १४व्या शतकाच्या पूर्वार्धात असं चॅन्सेल उभारलं की लोक आजही खास ते पाहायला जातात. धर्मगुरूंसाठी भिंतीत कोरलेली दगडी आसनं, आणि समोरच्या भिंतीत ईस्टरची दगडी कबर: गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या देहाचं प्रतीक तिथे ठेवायचं आणि ईस्टरच्या पहाटे बाहेर काढायचं. त्या कबरीच्या पायाशी झोपी गेलेले पहारेकरी कोरले आहेत. मालकच हौशी असला की असं होतं.

इंग्लंडमध्ये मध्ययुगातली आठ हजारांहून जास्त पॅरिश चर्च अजून उभी आहेत. त्यातलं एका दमात, एका आराखड्यावर बांधलेलं चर्च क्वचितच. बहुतेक चर्च आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखी वाढली आहेत: आधी दोन खण, मग पडवी बंदिस्त केली, मग माडी चढवली, कुठे भिंत काढून तुळई टाकली.

ते पहिले दोन खण कसे होते हे पाहायला डरहम परगण्यात एस्कमला जावं. ७व्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे चर्च, म्हणजे सुमारे साडेतेराशे वर्षांचं. अरुंद, उंच नेव्ह, त्याला जोडलेलं चौकोनी छोटं चॅन्सेल, मध्ये कमान. मूळ खिडक्या भिंतीत वरच्या बाजूला, कोनाड्याएवढ्या. दगड रोमन काळातला, जवळच्या बिंचेस्टरच्या ओसाड किल्ल्यातून उचलून आणलेला असावा. एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं नाव कोरलेलं आहे, आणि बसवणाऱ्याने तो उलटा बसवला आहे. त्याला वाचता येत नव्हतं की पर्वा नव्हती, कोण जाणे. त्या काळातली बरीच चर्च लाकडी होती आणि ती गेली. एसेक्समधल्या ग्रीनस्टेडला मात्र ओकचे उभे चिरलेले ओंडके शेजारीशेजारी रोवून केलेली ११व्या शतकाच्या आसपासची भिंत अजून टिकून आहे.

१२व्या-१३व्या शतकांत गावं फुगली. नेव्ह पुरेना. शिवाय मिरवणुकांना वाट हवी, बाजूच्या छोट्या वेद्यांना जागा हवी. पण चर्च बंद ठेवून चालत नाही. रविवार दर आठवड्याला येतोच. मग गवंड्यांनी काढलेली तोड अशी. आधी नेव्हच्या भिंतीला बाहेरून टेकून एक पडवी बांधायची, तिच्यावर उतरतं छप्पर घालायचं. हे चालू असताना आतली भिंत तशीच. पडवी तयार झाली की मग जुन्या भिंतीत एकेक करून कमानी पाडायच्या आणि खाली खांब उभे करायचे. या पडवीला आइल म्हणतात. याचा एक मजेदार परिणाम होतो: चर्चमध्ये खालच्या कमानी वरच्या भिंतीपेक्षा वयाने लहान असतात. कधीकधी कमानीच्या वर, मध्येच अर्धी कापलेली, बुजवलेली एक चिमुकली खिडकी दिसते. ती जुन्या बाहेरच्या भिंतीची. आता तिच्या पलीकडे आकाश नाही, आइलचं छप्पर आहे.

आइल झालं, पण नेव्ह अंधारला, कारण आता त्याच्या खिडक्या पडवीपलीकडे गेल्या. मग १५व्या शतकात, हातात पैसा असताना, लोकांनी कमानींवरची भिंत आणखी चढवली आणि आइलच्या छपरावरून डोकं काढेल अशी खिडक्यांची एक रांग बसवली. तिला क्लिअरस्टोरी म्हणतात. वरून उतरणारा तो उजेड फार सुरेख असतो. पण भिंत चढली म्हणजे जुनं छप्पर काढावं लागलं. जुनं छप्पर गवताचं, फळ्यांचं किंवा दगडी फरशांचं, म्हणून पाणी निथळण्यासाठी चांगलं उभट. नवं छप्पर शिशाच्या पत्र्याचं. शिसं जवळजवळ सपाट अंथरलं तरी पाणी आत येऊ देत नाही; उलट उतार फार असेल तर ते स्वतःच्या वजनाने उन्हात हळूहळू खाली सरकतं. म्हणून छपरं सपाट झाली. कधी अशा चर्चमध्ये गेलात तर नेव्हमध्ये उभं राहून मागे वळा आणि पश्चिमेच्या मनोऱ्याच्या भिंतीकडे वर बघा. उलट्या 'व्ही'सारखा एक ओरखडा दिसण्याची बरीच शक्यता असते. ते जुन्या छपराचं टेकण. मला विचाराल तर अख्ख्या चर्चमध्ये पहिल्यांदा शोधावी अशी खूण ही.

शैलींबद्दलही बोलायला हवंच, कारण माहितीफलकांवर तीच नावं असतात. ही नावं मध्ययुगातली नाहीत. थॉमस रिकमन नावाच्या माणसाने ती १८१७ मध्ये छापून रूढ केली. तो क्वेकर पंथाचा, लिव्हरपूलमध्ये विम्याच्या कचेरीत हिशेबनीस. फावल्या वेळात चर्च मोजत, चित्रं काढत हिंडायचा. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही त्याची वर्गवारी आजही चालते.

नॉर्मन म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतरची शंभरेक वर्षं. जाड भिंती, बाहेरून घडीव दगड आणि आत चुन्यात कालवलेले दगडगोटे. कमानी अर्धगोल. हेरफर्डशरमधलं किलपेक हे साधारण ११४० चं, लाल वालुकाश्माचं छोटंसं चर्च या काळातलं. त्याच्या छपराखालच्या रांगेत कोरलेली डोकी पाहताना हसू आवरत नाही: एक कुत्रा आणि एक ससा गळ्यात गळा घातल्यासारखे शेजारी, आणि थोडं पुढे एक नग्न स्त्री, जिचं वर्णन जुन्या मार्गदर्शिका घाईघाईने उरकतात.

अर्धगोल कमानीची अडचण भूमितीची आहे. तिची उंची रुंदीच्या निम्मी, त्यात बदल नाही. दोन खांबांतलं अंतर वाढलं की कमान वर जाते, कमी झालं की खाली येते. वेगवेगळ्या रुंदीच्या कमानींची टोकं एका पातळीत आणायची तर कसरत करावी लागते. टोकदार कमान या जाचातून सोडवते. रुंदी कितीही असो, टोक हवं तिथे ठेवता येतं, आणि वजनही बाजूला कमी रेटून खाली जास्त उतरतं. १२व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडने ती उचलली. भिंतींना बाहेरून दगडी टेकू आले. टेकूंनी भार घेतल्यावर मधली भिंत मोकळी झाली आणि तिथे खिडकी वाढू लागली.

खिडकीची पुढची गोष्ट सरळ आहे. आधी भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, उंच, एकेकट्या खिडक्या. मग दोन खिडक्या जवळ आणून एकाच कमानीखाली घेतल्या आणि वर उरलेल्या जागेत एक भोक पाडलं. मग ते भोक वाढलं, दगडाच्या बारीक पट्ट्या झाल्या, पट्ट्या वळल्या, ज्वाळांसारख्या एकमेकींत गुंतल्या. १४व्या शतकाच्या पूर्वार्धात हा दगडी वेलबुट्टीचा खेळ टिपेला पोचला. नंतर एकदम शिस्त आली. उभे दगडी दांडे तळापासून थेट वरपर्यंत सरळ, आडव्या पट्ट्यांनी चौकटी केलेल्या. भिंत नावापुरती, बाकी सगळी काच. ही पर्पेंडिक्युलर. युरोपच्या मुख्य भूमीवर ती सापडत नाही, अस्सल इंग्लिश चीज आहे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. खिडकीची शैली खिडकीचं वय सांगते, भिंतीचं नाही. १२व्या शतकातल्या भिंतीत १५व्या शतकातली खिडकी बसवणं हा त्या काळी गावाला परवडणारा सर्वांत सोपा शौक होता.

दगड जो जवळ मिळेल तो. कॉट्सवोल्डमध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक. नॉरफोकमध्ये घडवण्याजोगा दगडच नाही, सगळी गारगोटी. गारगोट्यांनी काटकोनी कोपरे बांधणं जिकिरीचं, म्हणून तिथे मनोरे गोल बांधले असं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही, पण इंग्लंडमधली अशी गोल मनोऱ्यांची सुमारे १८० चर्च बहुतांश नॉरफोक-सफोकमध्येच आहेत, हे खरं.

हे सगळं ठरवत कोण होतं? आर्किटेक्ट ही जमात आजच्या अर्थाने नव्हती. सफोकच्या किनाऱ्यावरच्या वॉल्बर्सविक गावाचा १४२० च्या दशकातला मनोऱ्याचा करारनामा टिकून आहे, आणि तो वाचला की हा कारभार डोळ्यांपुढे येतो. गावाच्या वतीने काही जणांनी ॲडम पॉल आणि रिचर्ड रसेल या दोन गवंड्यांशी केलेला हा करार. त्यात नकाशा नाही. मनोरा टनस्टॉलच्या मनोऱ्यासारखा हवा, पश्चिमेचं दार आणि खिडक्या हेल्सवर्थसारख्या. म्हणजे शेजारच्या गावात जाऊन बघा आणि तसं करा! मजुरी उंचीवर: दर यार्डाला ४० शिलिंग. वर काम चालू असेल त्या दरवर्षी हेरिंग माशांचं एक पिंप आणि दोघांना एकेक झगा. काम फक्त वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत. थंडीत चुना धरत नाही. त्यामुळे मनोरा वर्षाला काही फूटच चढायचा, आणि निरखून पाहिलं तर कितीतरी मनोऱ्यांवर एकेका हंगामाच्या कामाचे थर आडव्या रेघांसारखे दिसतात.

सगळीच कामं नीट होत नसत. डर्बीशरमधल्या चेस्टरफील्डच्या चर्चचं १४व्या शतकातलं शंकूसारखं शिखर, ७० मीटरच्या आसपास उंच, पिळलेल्या कपड्यासारखं वळलं आहे आणि टोकाला जवळजवळ तीन मीटर कललं आहे. ओलं लाकूड वापरलं, आतले तिरपे आधार कमी पडले, आणि वरून ३० टनांहून जास्त शिसं चढवलं. लाकूड वाळताना वाकलं, शिशाने ते दाबलं. गावात सांगतात की सैतान त्यावर बसला होता. सुताराला दोष देण्यापेक्षा हे बरंच सोयीचं.

पैशाकडे परत येतो, कारण १५व्या शतकातला गावाकडचा पैसा पाहिल्याशिवाय ही एवढाली चर्च समजत नाहीत. तो पैसा मेंढीच्या पाठीवरून आला. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये लोकरीच्या व्यापाऱ्यांची पितळी चित्रं फरशीत बसवली आहेत आणि काहींचे पाय चक्क मेंढीवर किंवा लोकरीच्या गठ्ठ्यावर टेकलेले आहेत. चिपिंग कॅम्पडनला १४०१ मध्ये वारलेल्या विल्यम ग्रेव्हेलच्या पितळी पत्र्यावर त्याला अख्ख्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल म्हटलं आहे. सफोकमधल्या लॅव्हनमचा ४३ मीटरचा मनोरा पुरा व्हावा म्हणून कापड व्यापारी थॉमस स्प्रिंग याने १५२३ मध्ये मरताना २०० पौंड ठेवले; माथ्यावर त्याच्या घराण्याचं मानचिन्ह पुन्हापुन्हा कोरलं आहे, खालून कोणालाही दिसेल असं. श्रीमंत नसलेल्यांचाही वाटा होता. चर्चच्या निधीसाठी गावात बिअर गाळून विकायची, त्या दिवशी नाचगाणी, खेळ, आणि नफा छपराला. त्याला 'चर्च एल' म्हणत. वर्गणी गोळा करणाऱ्या कुठल्याही मंडळाला ही युक्ती आवडेल.

मात्र याआधी एक खिंडार आहे. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कोणीतरी टोकदार वस्तूने लॅटिनमध्ये ओरखडून ठेवलं आहे. १३४८-४९ च्या प्लेगनंतरचा, १३५० सालचा मजकूर: दयनीय, भीषण, हिंसक काळ, साक्षीला उरली आहेत ती लोकांतली सर्वांत वाईट माणसं. आणि त्याखाली, प्रचंड वादळ जगभर गरजलं, साल १३६१. (आजच्या गणनेने जानेवारी १३६२, तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं.) प्लेगने देशातली एक-तृतीयांश ते निम्मी माणसं नेली. त्या सुमारास कितीतरी चर्चमधलं बांधकाम मध्येच थांबलेलं दिसतं. एका बाजूचं आइल आहे, दुसऱ्या बाजूचं कधी आलंच नाही.

आत परत चला, त्या मधल्या कमानीपाशी. तिथे मध्ययुगात एक लाकडी पडदा असे, खाली संतांची रंगीत चित्रं, वर जाळी. पडद्यावर सज्जा, आणि सज्जाच्या वर मोठा क्रूस. क्रूसावर येशू, एका बाजूला मारिया, दुसरीकडे योहान. या क्रूसाला जुन्या इंग्लिशमध्ये 'रूड' म्हणत, म्हणून तो रूड स्क्रीन. सज्जावर चढायला भिंतीच्या जाडीत वळणदार जिना. क्रूसाच्या मागे, कमानीच्या वरच्या भिंतीवर, शेवटच्या न्यायाचं चित्र: येशूच्या उजव्या हाताचे स्वर्गात, डाव्या हाताचे राक्षसांच्या तोंडात. नेव्हमध्ये उभ्या असलेल्या शेतकऱ्याला समोर हे दिसायचं, आणि त्यापलीकडे, जाळीतून, वेदीवर धर्मगुरू भाकर उंच धरताना. तो क्षण दिसणं महत्त्वाचं होतं. आइलमधून दिसत नाही म्हणून काही ठिकाणी भिंतीत तिरकी भोकं पाडली. ती आजही आहेत, आणि त्यांतून डोकावलं की नजर बरोबर वेदीवर जाते.

मग धर्मच बदलला, कॅथलिक जाऊन प्रोटेस्टंट आला. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७-४८ मध्ये, मूर्ती काढायचे हुकूम निघाले. क्रूस उतरले, जाळले गेले. भिंतींवर चुना फिरला. कॅथलिक मेरी राणीच्या काळात क्रूस परत चढले, आणि एलिझाबेथच्या काळात पुन्हा उतरले. १५६१ मध्ये तिने सज्जे काढायला सांगितलं, पण पडदा ठेवायला सांगितला. या फेऱ्यांत गावांनी खर्च किती केला असेल! आज पडदे अनेक ठिकाणी आहेत, त्यावरच्या संतांचे चेहरे खरवडलेले. जिनेही आहेत. काही पायऱ्या चढून ते एका दारापाशी जातात, आणि दार हवेत उघडतं.

सफोकमधल्या वेनस्टनला १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी कमानीतल्या पांढऱ्या फळ्या काढून चर्चच्या आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी चुना धुऊन निघाला होता आणि फळ्यांवरून राक्षस, राजे, नग्न आत्मे बाहेर बघत होते. त्या चित्राच्या मधोमध तीन रिकाम्या आकृत्या आहेत: एक क्रूसाची, दोन माणसांच्या. लाकडी मूर्ती फळ्यांना टेकून होत्या, म्हणून तिथे रंग लावलाच नव्हता. मूर्ती गेल्या, त्यांच्या सावल्या राहिल्या.

सगळं खापर तोडफोड करणाऱ्यांवर फोडू नये, असंही एक उदाहरण जवळच आहे. ब्लायबराच्या चर्चमध्ये लाकडी छपराला पंख पसरलेले देवदूत आहेत आणि त्यांच्या अंगात छरे सापडले. १६४४ मध्ये, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, विल्यम डाउसिंग नावाचा माणूस संसदेच्या बाजूने सफोकभर मूर्ती फोडत फिरला होता, तो इथेही आला होता. तेव्हा त्याच्याच माणसांनी गोळ्या झाडल्या, अशी दंतकथा पसरली. प्रत्यक्षात १८व्या शतकात छपरात घरटी करणाऱ्या कावळ्यांच्या जातीतल्या पक्ष्यांना मारायला चर्चनेच दारू आणि छऱ्यांवर खर्च केला होता.

चर्चचं सर्वांत जास्त रूप पालटलं ते मात्र प्रेमापोटी, १९व्या शतकात. जुनी बाकं काढली, गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा केला, 'चुकीच्या' शतकातल्या खिडक्या काढून 'योग्य' शतकातल्या बसवल्या. यातला बडा वास्तुतज्ज्ञ म्हणजे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईकर त्याला ओळखतात, नाव माहीत नसलं तरी: राजाबाई टॉवर त्याच्या आराखड्यावर उभा आहे, आणि तो मुंबईला कधी आलाही नाही. टॉवर इकडे चढत होता त्या काळात, मार्च १८७७ मध्ये, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस ट्यूक्सबरीच्या जुन्या चर्चच्या स्कॉटने योजलेल्या दुरुस्तीवर भडकला आणि त्याने जुन्या इमारती जशा आहेत तशा जपणारी संस्था काढली. तिचं लाडकं नाव 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडायला विरोध. तिच्या मागणीचा गाभा साधा होता: रोज थोडी दुरुस्ती करा, म्हणजे मोठी करावी लागणार नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च याच शतकातल्या उत्साहातून आलं आहे. १८५८ मध्ये अर्पण झालेलं ते चर्च १३व्या शतकातल्या इंग्लिश शैलीत आहे, पण एकाच आराखड्यावर बांधलेलं. म्हणूनच तिथे कापलेली खिडकी किंवा जुन्या छपराचा ओरखडा शोधायला जाऊ नका.

आज या चर्चना त्रास देतं ते त्यांचं शिसंच. रात्री शिडी लावून चोर छपराचे पत्रे गुंडाळून नेतात आणि दुसऱ्या दिवशी पावसाचं पाणी थेट बाकांवर येतं. कितीतरी चर्च शिशाऐवजी स्टीलचे पत्रे घालू लागली आहेत. पत्रे गेल्याचं कळलं की चर्चचे विश्वस्त विम्याचे कागद काढतात, सुताराला फोन करतात. आणि एखाद्या गावात, जिथे तो जुना बोजा अजून कोणाच्या तरी जमिनीवर नोंदलेला आहे, तिथे आधी आत जाऊन बघतात की पाणी कमानीच्या कुठल्या बाजूला टपकतंय.